कोटाच्या आतला नंबर

आमच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. वर्षातून दोनदा, 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला, ती उघडायची, आतला खाकी लोकरी कोट काढायचा आणि अंगणातल्या बाजेवर उन्हात पसरायचा, असा अब्बांचा रिवाज होता. कोट पणजोबांचा, पहिल्या महायुद्धातला. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव त्यांना फौजीबाबा म्हणत असे.

डिसेंबर 1992 नंतर आलेल्या 26 जानेवारीला अब्बांनी कोट अंगणात ठेवला नाही. रस्त्याकडच्या खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा टांगला. आम्ही तिघं बहीणभाऊ तेव्हा शाळेत होतो. दादी म्हणाली, "ये कोट अपना सबूत है, बेटा. इसकू संभालके रखना." कशाचा सबूत, हे आम्ही विचारलं नाही. न विचारताच कळावं असे ते दिवस होते.

अब्बा गेले आणि पेटी आमच्याकडे आली. 2019 च्या डिसेंबरात आमच्या मोहल्ल्यात घरोघर जुने कागद शोधले जात होते. शाळेचे दाखले, सातबारा, आजोबांच्या जन्माची नोंद. आम्हीही पेटी उपसली. तेव्हा प्रथमच कोट नीट उलटापालटा करून पाहिला. कॉलरच्या आतल्या बाजूला शाईचा फिकट शिक्का होता. बाणाची खूण आणि 'आय' हे अक्षर. बाण म्हणजे सरकारी माल आणि आय म्हणजे इंडिया, हे मागाहून कळलं. त्याखाली 114 आणि एक चार आकडी नंबर.

पेटीतच पणजोबांचं पदक होतं, इंद्रधनुषी फितीचं. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते. भिंगातून वाचलं. नाव पणजोबांचं, पलटण 114 वी मराठा. नंबर मात्र वेगळा. पुन्हा वाचला, दिव्याखाली धरून वाचला. दोन नंबरांतला एकही आकडा जुळेना.

म्हणजे कोट पणजोबांचा नव्हता.

मधला भाऊ म्हणाला, "राहू दे. इतकी वर्षं मिरवलं आणि आता आपणच सांगायचं का, की सबूत आपला नाही?" त्याचं म्हणणं आम्हाला पटत होतं. पण नंबर वाचून झाला होता. वाचलेला नंबर न वाचल्यासारखा कसा करायचा?

शोध सुरू केला. मराठा पलटणींत मराठ्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, हे घरात ऐकलेलं होतं. 114 वी पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. ऑक्टोबर 1918 मध्ये टायग्रिसकाठी शरकात इथं तुर्की फौजेशी झालेल्या लढाईत या एका पलटणीला शौर्याची 28 पदकं मिळाली. 1922 च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची ती प्रशिक्षण बटालियन झाली आणि तिचं ठाणं बेळगाव झालं. साध्या शिपायांचे कागद लंडनला जात नसत, पलटणीच्या डेपोतच राहत. हयात असलेल्यापर्यंत पोहोचायला त्यामुळे वाट अरुंद होती. मेलेल्यांची यादी मात्र होती.

बसऱ्याला 1929 साली एक स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या 40,000 हून अधिक सैनिकांचं ते स्मारक. 1997 मध्ये ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. त्याच्या भिंतीवर गोऱ्या सोजिरांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली फक्त संख्या. या भेदभावाबद्दल युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने एप्रिल 2021 मध्ये जाहीर माफी मागितली. भिंतीवर नसलेली शिपायांची नावं आयोगाच्या नोंदवहीत आहेत. नाव, नंबर, पलटण आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका.

आमच्या कोटाचा नंबर त्या नोंदवहीत सापडला. पलटण तीच. नाव एका मराठ्याचं. बापाचं नाव होतं, गाव होतं, आमच्याच जिल्ह्यातलं, एसटीने दोन तासांवरचं. मृत्यू 29 ऑक्टोबर 1918. तुर्कस्तानशी तहावर सह्या झाल्या त्या 30 ऑक्टोबरला. एका दिवसाचं अंतर.

दादी तेव्हा सत्त्याऐंशीची होती. तिला सांगायला धीर होत नव्हता. सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसली. मग म्हणाली, "तो थाली उसकी थी." शब-ए-बरातला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावे फातिहा होई. हलवा-चपातीचं एकेक ताट मांडून नाव घेतलं जाई. फौजीबाबा शेवटी एक ताट जास्त मांडायला लावत आणि त्यावर नाव घेत नसत. नवी नवरी असताना दादीने विचारलं होतं. ते म्हणाले होते, "दोस्त है. नाम लिया तो मौलवीसाब क्या बोलेंगे." खलिफाच्या फौजेवर गोळ्या झाडून आलेला तो माणूस युद्धाबद्दल घरात एवढंच बोलला.

त्या गावी जायला आम्हाला 2022 उजाडलं. दादी तोवर अल्लाला प्यारी झाली होती. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी होती. 1914 ते 1919 च्या महायुद्धाला या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. अशा पाट्या आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. एकट्या अपशिंग्यातले 46 जण परतले नाहीत. याही पाटीवर नाव एकही नव्हतं. बसऱ्याला आकडा, चावडीत आकडा, कॉलरीतही आकडाच.

घर सापडलं. तो शिपाई बिनलग्नाचा गेला होता. त्याच्या भावाचे नातू, ऐंशीच्या घरातले, ओसरीवर बसले होते. आम्ही कोट त्यांच्या पुढ्यात ठेवला, कॉलर उलटून नंबर दाखवला, नोंदीचा कागद वाचून दाखवला. मग जे बोलायला आलो होतो ते बोललो. "काका, इतकी वर्षं आम्ही हा आमचा म्हणून मिरवला. माफ करा."

त्यांनी कोटावरून हात फिरवला. बाही हातात धरून ठेवली. "तुमचं पणजोबा माघारी आलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आले."

"मग झालं की. थंडीत कुणाच्या तरी अंगावर होता त्यो. मातीत न्हाई गेला." आणि आत वळून म्हणाले, "सूनबाई, पाव्हण्यास्नी जेवाय वाढा."

कोट आता त्यांच्या घरी आहे. आणायला नको म्हणत होते, आम्ही ठेवून आलो. परतताना एसटीत मधला भाऊ म्हणाला, "आता 26 जानेवारीला खिडकीत काय टांगायचं?" कुणी उत्तर दिलं नाही. त्या वर्षी खिडकी नुसतीच उघडी ठेवली.

त्या शिपायाचं नाव आम्ही इथं छापत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. पण शब-ए-बरातला शेवटचं ताट मांडतो तेव्हा ते नाव आम्ही घेतो. मोठ्याने घेतो.