साखर गेली, मग वजन का गेले नाही?

पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे ज्या घरात आहेत, त्या घरी चहाच्या ट्रेमध्ये साखरेच्या डब्याशेजारी एक लहानशी डबी आता हमखास दिसते. तिच्यातून टिकलीएवढी एक गोळी कपात पडते, चहा गोड होतो आणि पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर पथ्य पाळल्याचे समाधान उमटते. मधुमेह असो वा नसो, वजन कमी करण्याच्या इच्छेने ही डबी घरात आणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. काही महिन्यांनी यांतील बरीच मंडळी माझ्या दवाखान्यात वजनकाट्यावर उभी राहतात आणि कोड्यात पडल्यासारखी विचारतात, "डॉक्टर, साखर पूर्ण बंद केली आहे. मग काटा का हलत नाही?"

वाचकहो, हा प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या मनात असेल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही गोळी नेमके काय करते, ते पाहू.

गोडी आहे, उष्मांक नाहीत

कृत्रिम गोडीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला जेवताना आपल्या हाताला लागलेला पदार्थ विलक्षण गोड असल्याचे जाणवले. तेच सॅकरीन. अस्पार्टेमचा गोडवा १९६५ मध्ये असाच योगायोगाने कळला. सुक्रालोजची कथा तर आपल्याला अधिक जवळची वाटावी. १९७६ मध्ये लंडनमध्ये संशोधन करणाऱ्या शशिकांत फडणीस यांना एका पदार्थाची चाचणी घेण्यास सांगण्यात आले. इंग्रजीत 'चाचणी' आणि 'चव' यांसाठीचे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. त्यांनी 'चव घे' असे ऐकले आणि पदार्थ जिभेवर ठेवला!

अस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट आणि सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड असते. त्यामुळे त्यांचा कणभर अंश पुरतो आणि त्यातून मिळणारे उष्मांक, म्हणजे आपण ज्यांना कॅलरी म्हणतो ते, नगण्य असतात. साखरेच्या प्रत्येक ग्रॅमातून मात्र ४ उष्मांक मिळतात. पाच ग्रॅमांचा एक चमचा म्हणजे २० उष्मांक. दिवसातून तीन कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर घेणाऱ्याने गोळीचा आश्रय घेतला, तर त्याचे रोजचे १२० उष्मांक वाचतात. कागदावर हा हिशेब अगदी चोख आहे.

बचत कोठे खर्च होते?

घोटाळा होतो तो वाचलेल्या उष्मांकांच्या खर्चात. माझ्याकडे येणाऱ्या ७० वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांनी माझ्या सांगण्यावरून आठवडाभर खाल्लेले सारे वहीत टिपून आणले. चहा बिनसाखरेचा होता. पण त्या चहासोबत रोज वाटीभर फरसाण होते. "चहात साखर नाही, मग एवढे चालतेच की," असे ते अगदी निरागसपणे म्हणाले. केवळ २५ ग्रॅम फरसाणात साधारण १३० उष्मांक असतात. दिवसभरात साखर टाळून जे वाचवले, ते एका मुठीत परत आले. आणि वाटीत तर एक मूठ नव्हे, दोन मुठी मावत होत्या.

मनुष्यस्वभावच असा आहे की एका ठिकाणी संयम पाळला की दुसऱ्या ठिकाणी सवलत घेण्याचा हक्क मिळाला, असे त्याला वाटते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचे आणि तळलेल्या बटाट्याच्या वेफर्सचे आपण काय करतो, ते आठवून पाहावे. 'डाएट', 'शुगरफ्री', 'लाइट' या शब्दांमुळे ही सवलत अधिकच सोपी होते. शुगरफ्री काजूकतलीत साखर नसेल, पण काजू आहेतच. शंभर ग्रॅम काजूंत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. शुगरफ्री पेढ्यात खवा असतो, शुगरफ्री लाडवात तूप असते आणि शुगरफ्री बिस्किटात मैदा व स्निग्ध पदार्थ असतात. साखरेचा एक तुकडा खाणारा माणूस तिथे निर्धास्तपणे चार तुकडे खातो.

संशोधन काय सांगते?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून अशा गोडी आणणाऱ्या पदार्थांचा वापर करू नये, असा तिचा आशय आहे. अस्पार्टेम, सुक्रालोज, सॅकरीन यांच्याबरोबर 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टीव्हियाचाही त्यात समावेश आहे.

या सूचनेमागील निष्कर्ष समजून घेण्यासारखे आहेत. थोड्या महिन्यांच्या नियंत्रित प्रयोगांत गोळी वापरणाऱ्यांचे वजन कमी झाले खरे, पण ते सरासरी पाऊण किलोच्या आतबाहेर. उलट, वर्षानुवर्षे लोकांचे निरीक्षण करणाऱ्या अभ्यासांत या पदार्थांचे नियमित सेवन करणाऱ्यांमध्ये स्थूलता, मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळले.

येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. पावसात छत्र्या अधिक दिसतात, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो, असे आपण म्हणत नाही. ज्यांचे वजन आधीच वाढले आहे, तेच या गोळ्यांकडे अधिक वळतात. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा अभ्यासांतून निःसंशय ठरत नाही. म्हणूनच संघटनेने ही शिफारस 'सशर्त' ठेवली आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ती लागू नाही. याचा अर्थ मधुमेहींना गोळ्यांनी बारीक होता येते, असाही घेऊ नये.

त्याच वर्षी अस्पार्टेम आणि कर्करोग यांविषयीच्या बातम्यांनी अनेक ज्येष्ठांची झोप उडवली होती. उपलब्ध पुरावा मर्यादित असल्याचे तज्ज्ञांनी तेव्हाच सांगितले आणि दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही पूर्वीची मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या माणसासाठी ती २,४०० मिलिग्रॅम होते. चहात तीन-चार गोळ्या टाकणारा माणूस या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही. तेव्हा ही गोळी विष नाही. तशी ती वजन उतरवणारे औषधही नाही.

वेष्टनावरची बारीक अक्षरे

बाजारातून 'डाएट' पदार्थ आणताना भिंग घेऊन का होईना, वेष्टनाची मागची बाजू वाचावी. घटकांच्या यादीत ९५१ हा क्रमांक अस्पार्टेमचा, ९५५ सुक्रालोजचा, ९५४ सॅकरीनचा आणि ९६० स्टीव्हियाचा असतो. ९६५ म्हणजे माल्टिटॉल आणि ४२० म्हणजे सॉर्बिटॉल. हे शेवटचे दोन पदार्थ उष्मांकरहित नाहीत; त्यांत साखरेच्या निम्म्याहून थोडे अधिक उष्मांक असतात आणि जास्त खाल्ल्यास पोट फुगते, जुलाब होतात. आजीचे पोट अचानक का बिघडले, याचे उत्तर कधीकधी शुगरफ्री चॉकलेटच्या रिकाम्या पाकिटात सापडते.

'साखर घातलेली नाही' एवढे लिहिले म्हणजे पदार्थात साखर नाही, असेही नव्हे. खजूर आणि फळांचा आटवलेला रस यांतही साखरच असते. गूळ व मध यांच्याविषयीचा समजही असाच. वजनाच्या हिशेबात त्यांना साखरेची सख्खी भावंडेच मानावे. अस्पार्टेम खिरीत घालून उकळू नये, उष्णतेने त्याची गोडी जाते.

वजन कमी करायचे आहे, हे ठरले का?

आता ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. चाळिशीतल्या मुलाला लागू पडणारा नियम पंचाहत्तरीतल्या वडिलांना लागू पडतोच, असे नाही. वाढत्या वयात स्नायू झिजत जातात. खाणे कमी करून उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर हे स्नायूही जातात. मग खुर्चीतून उठताना आधार लागतो, तोल जातो आणि एखाद्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते. म्हणून ज्येष्ठांनी वजन उतरवायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. ठरलेच, तर डाळी, दूध, दही, अंडी यांसारखी प्रथिने आणि झेपेल तेवढा व्यायाम सोडू नये.

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीचे तीन किलोंहून जास्त कमी झाले, तर 'डाएटचा गुण आला' म्हणून आनंद मानू नये. त्यामागे अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा विकार, नैराश्य, दातांची दुखणी किंवा याहून गंभीर आजार असू शकतो.

घरात खरी साखर असू द्या

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक सूचना मी आवर्जून करतो. एका घरी मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांना दुपारी दरदरून घाम फुटला आणि ते असंबद्ध बोलू लागले. रक्तातील साखर उतरली असावी, हे सुनेने अचूक ओळखले आणि फ्रिजमधले गोड शीतपेय त्यांना पाजले. पण ते पेय 'डाएट' होते. त्या घरात साखरेला बंदीच होती. शेजारणीने वाटीभर साखर आणून दिली, तेव्हा आजोबा भानावर आले.

कृत्रिम गोडी जिभेला फसवते. रक्ताला ती फसवू शकत नाही. घाम, थरथर, धडधड, चिडचिड वा गोंधळ दिसला आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावे, बरे वाटल्यावर थोडे जेवू घालावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाची औषधे चालू असलेल्या प्रत्येक घरात एक डबी साखरेची असावीच, आणि ती कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

जिभेचे वळण

मग गोळी घ्यावी की नाही? मधुमेहींनी आणि साखर सोडू पाहणाऱ्यांनी ती काही काळ कुबडीसारखी वापरावी. हाड जुळले की कुबडी कोपऱ्यात ठेवावी लागते, तसे हिचेही आहे. गोळ्यांनी चहा गोडच राहतो आणि जीभही गोडाला चटावलेलीच राहते. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी साखर वा गोळी अर्ध्याने कमी करत न्यावी. आले, गवती चहा, वेलची यांचा स्वाद वाढवावा. काही आठवड्यांत जीभ वळते. पूर्वीचा चहा मग स्वतःलाच अति गोड वाटू लागतो.

सणावाराचे काय? ज्यांची साखर आटोक्यात आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणातील पोळी किंवा भात तेवढा कमी करून खऱ्या पुरणपोळीचा चतकोर चवीने खावा. डबाभर शुगरफ्री मिठाईपेक्षा तो शरीरालाही सोसेल आणि मनालाही पुरेल. आणि पुढच्या वेळी काटा का हलत नाही असा प्रश्न पडला, तर आठवडाभर खाल्लेले सारे वहीत लिहून ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. माझ्या त्या शिक्षकांनी आता फरसाणाची वाटी सोडून मूठभर भाजलेले चणे घेतले आहेत, आणि संध्याकाळी ते अर्धा तास चालतात. चार महिन्यांत त्यांचे वजन दोन किलोंनी उतरले आहे. गोळीची डबी अजून ट्रेमध्येच आहे, पण हल्ली ती क्वचितच उघडली जाते.