कांद्याचा प्रश्न कोणाला विचारायचा?

लोकसभेत मंत्र्यांना प्रश्न विचारायचा तर किमान पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. नियम जुना आहे आणि त्यामागचं कारणही रास्त आहे. मंत्रालयाला फायली काढायला, आकडे जमवायला वेळ हवा. पण ८ डिसेंबर २०२३ला सकाळी मी दिल्लीत खासदारांच्या फ्लॅटवर कॅलेंडर समोर घेऊन बसले होते आणि याच नियमाने आमचे हात बांधले गेले होते. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली होती: कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४पर्यंत बंद. हिवाळी अधिवेशन ४ तारखेला सुरू झालेलं, ठरल्याप्रमाणे २२ला संपणार. त्याच दिवशी सूचना दिली असती तरी उत्तराची तारीख अधिवेशनाच्या पलीकडे जात होती. संसद चालू, बंदी ताजी, आणि तिच्याविषयी रीतसर प्रश्न विचारायला एकही दिवस हाती नाही.

मी महाराष्ट्रातल्या एका खासदारांच्या कार्यालयात काम करते. प्रश्न तयार करणं, शून्य प्रहराचे मुद्दे काढणं, स्थायी समितीच्या बैठकीआधी टिपणं देणं, हे माझं रोजचं काम. माहेर निफाड तालुक्यातलं, नाशिकच्या कांदापट्ट्यातलं. त्यामुळे कांदा हा माझ्यासाठी विषयपत्रिकेवरचा एक विषय कधीच नव्हता. त्या सकाळी दादाचा फोन आला तेव्हा तो ट्रॅक्टर भरून लासलगावला निघण्याच्या तयारीत होता. लिलाव होतील की बंद पडतील, एवढंच त्याला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. लिलाव बंद पडले. शेतात होता तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत चार-सहा महिने राहत नाही, काढला की थोड्याच दिवसांत विकावा लागतो. महिनाभरात भाव निम्म्यावर आले, तरी ज्याचा माल निघाला होता त्याला थांबता येत नव्हतं.

साहेबांनी मला विचारलं, "अल्पसूचना प्रश्न टाकता येईल का?" येतो, पण त्याला मंत्र्यांची संमती लागते. शून्य प्रहरात बोलता येतं, नियम ३७७खाली मुद्दा मांडता येतो, पण तिथे मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नाही. साहेब बोलले. चांगलं बोलले, गावाकडे त्याचा व्हिडिओ फिरला. पण भाषणाला उत्तर मिळत नाही, आणि मला उत्तर हवं होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गावाकडे ती फारशी कोणी सांगत नाही. आपल्या देशात निर्यातबंदीसारख्या निर्णयांवर सहसा संसदेत मतदान होत नाही. निर्यात बंद करण्याचा अधिकार १९९२च्या विदेशी व्यापार (विकास व नियमन) कायद्याने सरकारला दिलेला आहे. मंत्रालयाने अधिसूचना काढली की ती लागू. परदेशांशी होणारे व्यापार करारही सरकारच करतं. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार १ मे २०२२पासून लागू झाला तो संसदेत मताला टाकून नव्हे. कायदा मोडीत काढणं किंवा सरकार पाडणं या टोकाच्या गोष्टी सोडल्या, तर खासदाराच्या हातात रोज वापरता येईल असं एकच हत्यार उरतं, ते म्हणजे प्रश्न. म्हणून तो नीट बांधला गेला पाहिजे, यावर माझा जीव आहे.

पुढची संधी होती अंतरिम अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात, ३१ जानेवारीपासून. सूचना जानेवारीच्या मध्यापर्यंत जायला हवी होती. तोवर कार्यालयात शेतकऱ्यांची पत्रं, निवेदनं, हिशेबपट्ट्यांचे फोटो साचले होते. साहेबांनी त्यावरून दोन पानं सांगितली, मी लिहून घेतली. त्यात राग होता आणि तो खरा होता. पण प्रश्नाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे. त्यात युक्तिवाद चालत नाही, आरोप चालत नाही, मत विचारता येत नाही. "शेतकऱ्यांचा विश्वासघात" हे शब्द ठेवले तर सचिवालय प्रश्न परत पाठवणार किंवा ते शब्द काढणार. मी ते काढले. साहेब जरा नाराज झाले. मी म्हटलं, "साहेब, राग पूरक प्रश्नात काढू. इथे आकडा मागू."

मग खरी अडचण आली: विचारायचं कोणाला? बंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालच्या महासंचालनालयाची. त्याआधी १९ ऑगस्टला लावलेलं ४० टक्के निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचं. भाव आणि राखीव साठा बघणार ग्राहक व्यवहार विभाग. किती क्षेत्रावर लागवड झाली, उत्पादन किती येईल, हे अंदाज कृषी मंत्रालयाचे. कांदा एकच, पण त्याच्यावरचा निर्णय चार दारांतून येतो. वाणिज्य मंत्रालयाला "बंदी का घातली?" असं विचारलं तर देशांतर्गत उपलब्धतेचा विषय ग्राहक व्यवहारचा म्हणून प्रश्न तिकडे वर्ग होऊ शकतो. तिकडे गेला की उत्तर देणारं मंत्रालयच बदललं. त्या काळात वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती एकाच मंत्र्यांकडे होती, तरी प्रश्नाच्या लेखी ती दोन निराळी दारंच होती.

म्हणून आम्ही एक मोठा प्रश्न सोडून दिला आणि चार छोटे केले. वाणिज्यला विचारलं ते फक्त अधिसूचनेबद्दल. विदेश व्यापार धोरणात परिच्छेद १.०५ आहे. निर्बंध येण्याआधी पक्का सौदा झालेला असेल, तर ठरावीक अटींवर तो माल जाऊ देण्याची तरतूद त्यात आहे. डिसेंबरच्या अधिसूचनेत ती तरतूद लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. सूट होती ती जहाजात भरणं सुरू झालेल्या मालाला, शिपिंग बिल भरून जहाज बंदरात आलेलं असेल त्या मालाला आणि सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेलेल्या मालाला, तीही ५ जानेवारी २०२४पर्यंत. बाकीचे कंटेनर, मग ते निफाडहून न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर असोत की पॅकिंगच्या शेडमध्ये, अडकले. मी विचारलं: या सवलतीखाली बंदरनिहाय किती टन कांदा गेला? अर्थ मंत्रालयाला विचारलं: ४० टक्के शुल्कातून महिनानिहाय किती रक्कम जमा झाली? ग्राहक व्यवहारला: बंदीची शिफारस कोणत्या तारखेच्या भावांवरून केली? कृषीला: त्या तारखेला खरिपाच्या उत्पादनाचा अंदाज काय होता?

बोलीभाषेत हे प्रश्न अगदी साधे वाटतात. कागदावर ते "क्या मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि" असे सुरू होतात आणि "यदि हां, तो तत्संबंधी ब्यौरा क्या है" असे पुढे सरकतात. या साच्याचा मला कधी त्रास वाटला नाही. साचा असल्यामुळेच नवखा खासदारही मंत्र्यांना बांधून विचारू शकतो.

चारपैकी एकही तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा, झाला नाही. दिवसाला तारांकित फक्त वीस लागतात, तेही सोडतीने. अतारांकित दोनशे तीस असतात, त्यांचं उत्तर लेखी येतं. आमचे काही त्या यादीत लागले. उत्तरं आली तेव्हा एका मंत्रालयाने "(क) ते (ङ)" असं लिहून पाचही भागांना मिळून एकच परिच्छेद दिला होता. ग्राहक आणि शेतकरी दोघांच्या हिताचा समतोल, वेळोवेळी घेतलेले निर्णय, त्यांच्या तारखा. तारखा आम्हाला पाठ होत्या. बंदरनिहाय टन त्यात नव्हते. प्रश्नाचे भाग एकत्र बांधले की कोणत्या भागाला उत्तर मिळालं नाही, हे वाचणाऱ्याच्या लवकर ध्यानात येत नाही. तेव्हापासून मी भाग कमी ठेवते आणि शक्य तिथे उत्तर तक्त्यातच मागते, रकान्यांची नावं प्रश्नातच लिहून. रकाना रिकामा राहिला तर तो डोळ्यांना दिसतो.

१० फेब्रुवारीला ते अधिवेशन संपलं आणि मग निवडणुकीपर्यंत संसदेची बैठकच नव्हती. मार्चमध्ये बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशला ५० हजार टन आणि अमिरातींना १४,४०० टन पाठवायला परवानगी मिळाली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली आणि आमच्याकडे संताप उसळला. दादा फोनवर म्हणाला, "अगं, तुमच्या दिल्लीत हे विचारणारं कोणी आहे का नाही?" विचारणारे सगळे तेव्हा प्रचारात होते. ४ मेला बंदी उठली, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मेला नाशिक-दिंडोरीत मतदान झालं. कांदापट्ट्याने काय कौल दिला ते सगळ्यांना माहीत आहे.

नव्या लोकसभेत साहेब परत आले आणि एका अधिवेशनात आमचा प्रश्न तारांकित झाला, यादीत वरच्या पाचांतही आला. तासाभरात साधारण तेवढेच प्रश्न तोंडी होतात, म्हणून त्या जागेला किंमत. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला दोन पूरक प्रश्न मिळतात. आदल्या रात्री आम्ही त्यांच्यावर बसलो. साहेबांचा ओढा भावाच्या घसरणीकडे होता. मी म्हटलं, घसरणीवर मंत्री राखीव साठ्याचं आणि नाफेडच्या खरेदीचं सांगतील, आपले दोन्ही प्रश्न त्यात जातील. त्यापेक्षा विचारा: निर्बंध लावण्यापूर्वी शेतकऱ्याला आणि निर्यातदाराला किमान किती दिवसांची सूचना द्यायची, असा काही नियम आहे का? नसेल तर करणार का? साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि कागद खिशात ठेवला.

मी संसद टीव्हीवर बघत होते. साहेबांनी प्रश्न जसाच्या तसा विचारला. मंत्री आधी ग्राहकाविषयी बोलले, मग साठ्याविषयी. अध्यक्षांनी पुढचं नाव घ्यायच्या आत साहेब पुन्हा उभे राहिले आणि दुसरा पूरक प्रश्नही तोच विचारला, फक्त आणखी थोडक्यात: नियम आहे की नाही? यावर मंत्र्यांना म्हणावं लागलं की असा ठरावीक कालावधी नाही, परिस्थिती पाहून निर्णय होतो. एवढं एक वाक्य कामकाजाच्या नोंदीत आलं. आता ते दाखवता येतं. बाजार समितीच्या सभेत, समितीच्या बैठकीत, पुढच्या प्रश्नाच्या पहिल्या भागात.

सप्टेंबर २०२४मध्ये किमान मूल्य निघालं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५पासून तेही गेलं. २०२२-२३मध्ये सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला होता, २०२३-२४मध्ये १७.१७ लाख. जो ग्राहक देश मध्ये दुसरीकडे वळतो, तो शुल्क काढल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही. आणि आज निर्बंध नाहीत म्हणून प्रश्न मिटला असं साहेबांना वाटत नाही, मलाही नाही. शुल्क शून्य असतानाच सूचनेच्या कालावधीचा नियम मागायला हवा. भाव चढले की हे ऐकायला कोणी थांबणार नाही.

पुढच्या अधिवेशनासाठी मसुदा तयार आहे. वाणिज्य मंत्र्यांना, चार भाग. पहिल्यात सभागृहातलं ते वाक्य आणि त्याची तारीख. दुसऱ्यात परिच्छेद १.०५ गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या शेतमालासाठी लागू केला नाही, त्याचा तक्ता. तिसऱ्यात नाशवंत मालासाठी किमान सूचना कालावधी ठरवण्याचा विचार आहे का. चौथा भाग दादाच्या सांगण्यावरून घातला आहे: निर्बंध ठरवताना लाल आणि उन्हाळ कांद्याच्या टिकाऊपणातला फरक धरला जातो का, आणि नसेल तर त्याची कारणं.