पाचनईचा वाटाड्या
पौषातल्या पहाटे पाचनईहून १४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडाची वाट धरली, तेव्हा कोणाच्या हुकुमाची वा सनदेची प्रतीक्षा न करता गावातला एक तांबूस कुत्रा वाटाड्याचा हुद्दा स्वीकारून पुढे झाला. दवाने निसरडा झालेला कातळ तो नखे रोवून तिरका चढे आणि आमची धाप ओसरेपर्यंत, काहीशा तुच्छतेनेच म्हणा ना, वर थांबे. चार खांबांपैकी एकच शाबूत उरलेल्या केदारेश्वराच्या लेण्यात कंबरभर गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालण्याची आमची श्रद्धा मात्र त्याला अमान्य होती. तो बाहेर कोवळ्या उन्हात पंजे चाटीत बसला. कोकणकड्यावर, खालून उसळणाऱ्या वाऱ्यात, पोट भुईला टेकवून तो कोकण हुंगत राहिला. पण भाकरीचे फडके सुटताच सारी विरक्ती संपली.