बुडाचा काळा ठिपका

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा एक दाणा मॅक्रो भिंगाखाली ठेवला, की तो नुसता पांढरा राहत नाही. खिडकीतलं तिरपं ऊन त्याच्या गोलाईवरून सरकतं आणि दुधी, पिवळसर, मोतिया अशा छटा उमटतात. अंगावर बारीक सुरकुत्या, टोकाला वाळलेल्या फुलाची केसाएवढी खूण, आणि बुडाशी काळा ठिपका. इतक्या जवळून टोक स्पष्ट झालं की बूड धूसर होतं. फोकस पुढेमागे करत काढलेले अनेक फोटो जोडले तर दाणा सगळाच स्पष्ट दिसतो. मी सहसा जोडत नाही. ठिपका धरते, बाकीचा दाणा धूसर राहू देते.

त्या ठिपक्याचं मला फार अप्रूप आहे. कणसात दाणा भरत असतो तोवर धाटातलं अन्न याच वाटेनं आत येतं. दाणा पुरता भरला की वाट बंद होते, तिथे काळा थर धरतो. तो बघूनच शेतकरी काढणीचं ठरवतो. त्याला भिंग लागत नाही.

दाण्याच्या रंगामागे हवा आहे. खरिपाची ज्वारी ऐन भरात पावसात सापडली तर काळी पडते. आमची रब्बीची, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारी. तिचा दाणा भरतो तेव्हा आभाळ कोरडं असतं. ज्या कोरडेपणापायी आमच्या सोलापूर जिल्ह्यानं इतकं सोसलं, त्यानंच हा दाणा निर्मळ ठेवला. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आजही पेरला जातो, आणि २०१६मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं.

या ज्वारीच्या भाकरीबरोबरच्या शेंगाचटणीचा फोटो काढणं दाण्याच्या फोटोहून अवघड. उखळात कुटताना शेंगदाण्याला तेल सुटतं, तिखट त्याला धरून बसतं, कणाकणाच्या कडेवर उजेड चमकतो. लसणाचा तंतू वेगळा, जिरं वेगळं. मिक्सरमधली चटणी भिंगाखाली एकसारखी, सपाट दिसते. जिभेला जे आधीच कळलेलं असतं, ते इथे डोळ्यांना पटतं. फोटोसाठी वरून तेलाचा हात फिरवून आणलेली चकाकी मला मुळीच पटत नाही.

तुमच्या घरी ज्वारी अजून सुपात निवडली जात असेल, तर दळण गिरणीत देण्याआधी चार दाणे बाजूला काढा आणि उन्हात त्यांचा जवळून एक फोटो घ्या. तयार पिठाच्या पाकिटात हे बघायला मिळत नाही.