चार वर्षं शिव्या द्यायला माणूस नव्हता

गुलाल धुऊन झाला असेल, डीजेचे दणके कानातून गेले असतील, तर मंडळी, जरा बोलू या. निकालावर नाही. कोण पडलं, कुणी पाडलं, कुठल्या गल्लीत लक्ष्मीदर्शन झालं, याचं विश्लेषण टपरीवर माझ्यापेक्षा चांगलं चाललंय. २ डिसेंबरला मतदान झालं आणि मोजणी २१ ला, म्हणजे एकोणीस दिवस पेट्या कुलपात आणि उमेदवार गॅसवर, त्यावरही सगळ्यांचे विनोद करून झालेत. मला बोलायचंय ते या निवडणुकीच्या आधी आपली जी चार वर्षं गेली त्यांच्याबद्दल. कारण त्यांचा हिशेब कुणी मागितला नाही. प्रचारात नाही, जाहीरनाम्यात नाही, आपणही नाही.

याआधी आपण नगरपालिकेला मत दिलं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये. आठवतंय का? नोटाबंदी नुकतीच झाली होती. आठवडाभर बँकेच्या रांगेत उभे राहिलो आणि २७ तारखेला मतदानाच्या रांगेत. त्यानंतर थेट २ डिसेंबर २०२५. मधे नऊ वर्षं. त्या महिन्यात जन्मलेलं पोर तोवर चौथीत गेलं. माझ्या पुतणीने २०१९ ला लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं, २०२४ ला परत दोन्हींना दिलं. देशाचं सरकार कोणाचं असावं हे तिला दोनदा विचारलं गेलं. घरासमोरच्या गटाराचं काय करायचं, हे मात्र पंचवीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विचारलं.

मुदत पाच वर्षांची असते. हे कुणाच्या मर्जीवर नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे आणि मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असं ती स्वच्छ सांगते. आपल्या पालिकेची मुदत २०२१ सरताना संपली. मुंबई महापालिकेची ७ मार्च २०२२ ला. छत्रपती संभाजीनगरची तर एप्रिल २०२० मध्येच. म्हणजे तिथे एका पूर्ण मुदतीपेक्षा जास्त काळ नगरसेवकाविना गेला. त्यांच्यासकट २९ महापालिकांचं मतदान लागलं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला.

का रखडलं? कारण ऐकायला मोठं आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ओबीसी आरक्षण ठेवायचं तर आधी आयोग नेमा, माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. मग बांठिया आयोग झाला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला, मग तारखा पडत राहिल्या. मधेच प्रभागांचा खेळ. मुंबईत आधीच्या सरकारने २२७ चे २३६ केले, नव्याने येऊन परत २२७ केले. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयानेच सांगितलं की बांठियाच्या आधीचं आरक्षण धरा आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या. चारचे पुढे सात-आठ झाले, ते वेगळं.

ओबीसींना त्यांच्या जागा मिळायलाच हव्यात, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण जागाच भरायच्या नाहीत, तर आरक्षण मिळालं कुणाला? या चार वर्षांत ओबीसी नगरसेवक शून्य, खुल्या प्रवर्गातला शून्य, महिला शून्य, अनुसूचित जातीचा शून्य. सगळ्यांना समान न्याय! आणि या काळात मुंबईत सरकारं बदलली, पक्ष फुटले, खुर्च्या फिरल्या, पण एकाही सत्ताधाऱ्याला घाई झालेली दिसली नाही. प्रशासक नेमला की पालिकेच्या चाव्या मंत्रालयात राहतात. मग घाई कशाला?

आता कुणी म्हणेल, काय बिघडलं? साहेब शिकलेले असतात, कामं होत होती. बरोबर आहे, रस्ते झाले, बिलं निघाली. प्रशासक वाईट माणूस असतो असं मी म्हणतच नाही. पण सर्वसाधारण सभेत ठराव मांडणारा एक असतो, अनुमोदन देणारा दुसरा आणि "अहो, हाच रस्ता मागच्या वर्षी केला ना?" असं ओरडणारा तिसरा. चार वर्षं हे तिघं एकाच खुर्चीत बसले होते. स्वतःच ठेवायचं, स्वतःच मंजूर करायचं. ओरडणारा तेवढा गायब.

आमच्या गल्लीची गोष्ट सांगतो. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात गटार तुंबलं, पाणी दोन घरांच्या उंबऱ्याला लागलं. कार्यालयात गेलो. "लेखी अर्ज द्या." दिला. आवक-जावकमध्ये शिक्का मारून पोच घेतली. आठ दिवसांनी गेलो, साहेब जिल्ह्याला मिटिंगला. पुन्हा गेलो, साहेबांची बदली, चार्ज शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडे आणि ते आठवड्यातून दोन दिवस येणार. तिथल्या कारकुनावर माझा राग नाही. तो बिचारा म्हणाला ते खरंच होतं, "मी कुणाला सांगू?"

गटार शेवटी उपसलं कुणी? आमच्या माजी नगरसेवकाने. पद नाही, अधिकार नाही. पण रात्री साडेनऊला बंडी घालून आला, ठेकेदाराच्या मुकादमाला फोनवर चार शब्द ऐकवले आणि सकाळी गाडी हजर. हा माणूस साधुसंत नाही, गावाला माहीत आहे. त्याच्या मेहुण्याची ठेकेदारी सगळ्यांनी पाहिलीय. त्याला आमच्याबद्दल प्रेमाचा उमाळा आला होता असंही नाही. त्याला पुढच्या वेळी आमच्या गल्लीची ऐंशी मतं हवी होती. मला तेवढं पुरे आहे. लोकशाहीत माझी मागणी एवढीच आहे की काम करणाऱ्याला माझी गरज पाहिजे. साहेबाला माझी गरज नसते. त्याचा गोपनीय अहवाल मी लिहीत नाही.

नगरसेवक हा प्राणी आपण फार स्वस्तात काढतो. चोर आहेत, टक्केवारी खातात, निवडून आले की गाडीची काच वर. सगळं खरं. पण हा माणूस आपल्यातच राहतो. त्याची पोरं आपल्या पोरांच्या शाळेत असतात. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसून विचारता येतं, "काय अण्णा, पाणी चार दिवसांआड, आणि जिलेबी रोज?" दहाव्याला घाटावर त्याला चुकवता येत नाही आणि त्यालाही आपल्याला चुकवता येत नाही. गावात लाज नावाचं एक खातं असतं, त्याला बजेट लागत नाही. प्रशासकाच्या काळात नेमकं तेच खातं बंद होतं.

याचा दुसरा परिणाम जास्त वाईट झाला. नगरसेवक नाही म्हटल्यावर सगळे आमदाराकडे जायला लागले. पथदिवा? आमदार. स्मशानाची शेड? आमदार. बोअरची मोटर जळली? आमदार. मग चौकात फ्लेक्स, "साहेबांच्या अथक प्रयत्नातून पेव्हर ब्लॉक". ज्याला कायदे करायला पाठवलं तो पेव्हर ब्लॉक मोजतोय आणि आपण टाळ्या वाजवतोय. आता नवे नगरसेवक आलेत, तर त्यातले निम्मे आधी त्याच साहेबांच्या बंगल्यावर हार घेऊन गेले. मतदारांच्या दारात नंतर. त्यांचंही चूक कसं म्हणावं? तिकीट तिथून मिळालं, निधी तिथून मिळणार हे त्यांनी चार वर्षं पाहिलंय. सवय लागलीय. त्यांनाही आणि आपल्यालाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की आता गप्प बसायचं नाही. विकासाचा आराखडा वगैरे मोठ्या गोष्टी राहू द्या. तीनच गोष्टी विचारा. एक, पहिली सर्वसाधारण सभा कधी आहे आणि विषयपत्रिका काय? दोन, १ एप्रिलपासून नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, त्याआधी अंदाजपत्रक मंजूर होईल. त्यात आपल्या प्रभागाला काय आलं? तीन, आणि ही मुख्य, गेल्या चार वर्षांत प्रशासकाने जे ठराव एकट्याने मंजूर केले त्यांची यादी सभेपुढे ठेवा. कुठलं काम, कुणाला, किती रुपयांत. कुणाला फाशी द्यायची नाहीये. आपल्या घरपट्टीचे पैसे आहेत, ते कुठे गेले एवढं कळलं तरी पुष्कळ. माहिती द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, वडापावच्या जोडीपेक्षा स्वस्त.

विरोधात बसलेल्यांना वेगळं सांगतो. तुम्हाला खुर्ची मिळाली नाही, पण ओरडायचा अधिकार मिळालाय. चार वर्षं गावाने तोच गमावला होता. दीड वर्षात "विकासासाठी" पलीकडे जाऊन बसू नका. आम्ही तुम्हाला भांडायला निवडून दिलंय.

आणि शेवटचं. घरातल्या कालनिर्णयवर लिहिता येणार नाही एवढी लांबची तारीख आहे, म्हणून मोबाईलमध्ये टाकून ठेवा. पुढची निवडणूक २०३० सरताना लागायला हवी. त्याच्या सहा महिने आधीपासून विचारायला सुरुवात करायची, प्रभागरचना कुठपर्यंत आली, आरक्षणाची सोडत कधी? सत्तेत कोणी का असेना. या वेळी मुदत संपली तेव्हा गावात एक मोर्चा निघाला नाही, एक निवेदन गेलं नाही, हे वर बसलेल्यांनी नीट पाहून ठेवलंय. नळाला पाणी नाही आलं तर आपण हंडा घेऊन रस्त्यावर उतरतो. मत देण्याचा हक्क चार वर्षं आला नाही, तर कुणी साधा तांब्याही वाजवला नाही.