पाहुणचाराचे पाणी

२०१३ च्या फेब्रुवारीत आमच्या जालन्याच्या घरी स्कॉटलंडची एक तरुणी पाच दिवस राहून गेली. त्या पाच दिवसांविषयी मी आजवर फारसे कुठे बोलले नाही. ‘परदेशी पाहुणी आली होती, फार गोड मुलगी’ एवढे सांगून विषय आवरता घेत असे. त्या गोष्टीत माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्यावाचून बाकीचे सांगता येत नाही.

माझे पती रोटरी क्लबचे सभासद. रोटरीचा ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ नावाचा एक उपक्रम १९६५ पासून चालत आला होता. दोन देशांतील दोन डिस्ट्रिक्ट आपापल्याकडचे तरुण व्यावसायिक एकमेकांकडे पाठवत. (रोटरीचे डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी जिल्हा नव्हे, त्यात अनेक जिल्हे मावतात. सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटले नाही. त्यांच्या मते ती मुलगी कुठल्या तरी कलेक्टर कचेरीतूनच आली होती.) येणारी मंडळी पंचवीस ते चाळीस वयाची असत, आणि ती स्वतः रोटरीची सभासद नसावीत असा नियम होता. सभासद असे तो फक्त त्यांचा प्रमुख. चार ते सहा आठवडे गावोगाव फिरायचे, आपल्या व्यवसायातले लोक कसे काम करतात ते पाहायचे आणि मुक्काम हॉटेलात न करता लोकांच्या घरी करायचा. विमानाचे भाडे रोटरी फाउंडेशन देई, पाहुणचार यजमान क्लबकडे. त्याच वर्षी हा उपक्रम कायमचा बंद झाला, म्हणजे आमची पाहुणी अगदी शेवटच्या पंगतीतली.

चार पाहुणे चार घरी वाटून दिले. आमच्या वाट्याला आलेली मुलगी तिकडच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होती. कागदावर ते ठळक लिहिलेले होते. मी ते वाचले आणि बाजूला ठेवले. माझे सारे लक्ष ती काय खाईल, सूर्यास्तापूर्वी जेवेल का, बटाट्याशिवाय तिचे कसे निभेल यात गुंतले होते.

ते वर्ष कसले होते हे जालनेकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पावसाळा कोरडा गेला होता. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव, ज्याने या गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले, तो आटला होता. नळ कधी येईल याचा नेम उरला नव्हता. ज्या मोसंबीमुळे जालन्याचे नाव दूरवर पोहोचले, तिच्या बागा उभ्या वाळत होत्या, आणि शेतकरी आपल्या हातांनी वाढवलेली झाडे तोडून सरपणाला विकत होते. ज्यांना परवडे ते टँकर विकत घेत. ज्यांना परवडत नसे ते हंडे घेऊन फिरत.

अशा दिवसांत पाहुणे येणार म्हणून आम्हा चौघी यजमानीणबाईंची एक बैठक झाली. तिथे ठरले की पाहुण्यांना काही कमी पडू द्यायचे नाही आणि गावात पाणी नाही हे त्यांच्या कानावरही घालायचे नाही. गावाची अब्रू म्हणून. खरे सांगायचे तर हे मीच सुचवले होते. आदल्या दिवशी एक जादा टँकर मागवून हौद भरला, गच्चीवरची टाकी भरली, न्हाणीघरातला बंद पडलेला शॉवर दुरुस्त करून घेतला.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी त्या उन्हाळ्यापुरत्या रोज संध्याकाळी आमच्या हौदातून दोन हंडे पाणी घरी नेत. त्यांच्या वस्तीत टँकर येई तेव्हा भांडणे होत आणि मावशींना भांडता येत नसे. मी त्यांना म्हटले, “मावशी, पाच दिवस जरा दुसरीकडे बघा. पाहुणे आहेत.” त्या म्हणाल्या, “राहू द्या ताई, बघते.” दोन्ही हंडे त्यांनी मागच्या दारी पालथे घालून ठेवले आणि त्या गेल्या.

पाहुणी आली. उंच, लाजरी, आल्याबरोबर वाकून सासूबाईंच्या पाया पडणारी. कुणीतरी तिला शिकवून ठेवले असावे. सकाळी ती न्हाणीघरात गेली आणि शॉवरचा आवाज सुरू झाला. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो ऐकत होते. पावसाचा आवाज ऐकून असे काळजात धस्स व्हावे, असे मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटू नये. वीस मिनिटांनी आवाज थांबला. तो तिने थांबवला नव्हता, टाकी रिकामी झाली होती. केसांना साबण तसाच ठेवून तिने दार किलकिले केले, आणि माझ्या नववीतल्या मुलीने धावत जाऊन हौदातल्या दोन बादल्या आत दिल्या. मी हसून म्हटले, “मोटर बिघडली.” घरात मोटर बिघडलेली नव्हती हे त्या क्षणी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

दिवसभर क्लबच्या लोकांनी पाहुण्यांना गाव दाखवले. बियाण्यांच्या कंपन्या पाहिल्या. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवणारे बद्रीनारायण बारवाले आमच्या गावचे, हे आम्ही कुणालाही सांगतोच. भंगार वितळवून सळ्या करणारे पोलादाचे कारखाने पाहिले, जिनिंग पाहिले. ती नम्रपणे सगळे पाहत राहिली.

संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा मावशी भांडी घासून निघाल्या होत्या. पाहुणीने त्यांना मागच्या दारी पाहिले. पालथे हंडे पाहिले. मग आमच्या मुलीला काही विचारले. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी डोळ्यांनी ‘नको’ म्हटले. नववीतल्या मुलीला खोटे बोलायला शिकवण्याचा तो क्षण होता, आणि तिने मला त्यातून सोडवले. तिने सगळे खरे सांगून टाकले. टँकर, टाकी, शॉवर, मोटर, हंडे.

पाहुणी चिडेल असे मला वाटले होते. ती रडेल असेही वाटले. ती पायरीवर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, आणि मुलीने मला ते मराठीत सांगितले, की आज सकाळी मी या बाईचे पाणी अंगावर ओतून घेतले आणि तुम्ही मला ते करू दिलेत. माझे काम पाण्याचे आहे. तुम्ही मला आज चार कारखाने दाखवलेत, पण जे पाहायला मी आले ते माझ्यापासून लपवलेत.

अतिथीला दुःख होऊ नये म्हणून आपण किती गोष्टी झाकतो! त्या झाकण्यात अतिथीविषयीची माया किती आणि आपली स्वतःची लाज किती, याचा हिशेब मी त्या रात्री प्रथमच मांडला. तो माझ्या बाजूने लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने एका बादलीत अंघोळ केली. सासूबाईंनी तिला दाखवले की बादलीतून तांब्या अर्धाच भरायचा, आणि अंघोळीचे पाणी तुळशीकडे जाईल अशा बाजूला बसायचे. माझ्याकडून शॉवर शिकलेली ती मुलगी सासूबाईंच्या मागे मागे फिरू लागली. मावशींचे हंडे पुन्हा भरू लागले. एक हंडा तिने डोक्यावर घेऊन पाहिला. दहा पावलांत ती खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भिजली, आणि मावशींना इतके हसताना मी त्या वर्षात तेवढे एकदाच पाहिले.

मध्ये एक दिवस मंडळींना भोकरदनकडे असईला नेले. १८०३ च्या सप्टेंबरात तिथे वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. सोबतचे लोक तोफांविषयी बोलत होते. आमच्या पाहुणीला वेगळेच कुतूहल होते. नदीला उतार कुठे आहे हे वेलस्लीला कुणी सांगितले नव्हते. दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा माणसे इथून येत-जात असणारच असे त्याने ताडले आणि फौज पार नेली. हे ऐकून ती खुलली. पण केळना नदीचे पात्र पाहून गप्प झाली. फौजेला उतार शोधावा लागेल एवढे पाणी कधीकाळी इथे होते, हे त्या दिवशी कुणालाच खरे वाटले नसते.

मला मुख्यत्वे सांगायचे आहे ते चौथ्या दिवसाचे.

आमच्या मागच्या अंगणात आजेसासऱ्यांनी खोदलेला आड आहे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून पिण्याचे पाणी त्याच आडाचे. ते दुहेरी जाड कापडातून गाळायचे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. उकळले तर आठ प्रहर. आणि गाळून झाल्यावर कापडात राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ते कापड उलटे धरून गाळलेल्याच पाण्याने धुऊन एका बालदीत घ्यायचे आणि ती बालदी आडात अलगद पाण्यापर्यंत नेऊन तिथे उलटी करायची. वरून ओतायचे नाही, जीव आदळून मरतात. ज्या पाण्यातून जीव आले त्याच पाण्यात ते परत गेले पाहिजेत. आमच्या वाचकांना हे नवे नाही. पण आता किती घरांत होते, हे ज्याने त्याने पाहावे.

त्या वर्षी आड कोरडा पडला होता. पाहुणीने त्यात एक खडा टाकून पाहिला. खट् असा आवाज आला. तिने विचारले, आजी आता ते जीव कुठे सोडतात?

मला ठाऊक नव्हते. इतके महिने मी त्याच घरात होते आणि मला हा प्रश्न पडला नव्हता. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “कुठे सोडणार? पाणी टँकरचे. टँकरवाल्याचे पाणी कुठल्या विहिरीचे हे कोण सांगणार? मी हौदातच सोडते आणि प्रतिक्रमणात क्षमा मागते.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “पाण्याचे गाव माहीत नसताना पाणी प्यायची ही माझी पहिलीच वेळ.”

मुलीने हे इंग्रजीत सांगितले. पाहुणीने वही काढली आणि लिहून घेतले. नंतर मुलीकडून कळले की पाणी कुठून येते हे घरातल्या माणसाला ठाऊक असणे, यावर त्यांच्या खात्यात मोठमोठ्या बैठका होतात म्हणे. सासूबाईंनी विचारले, “बैठकीत काय ठरते?” त्याचे उत्तर मिळाले नाही, सगळेच हसले.

पाचव्या दिवशी सकाळी टँकर आला. पाहुणीने ड्रायव्हरला विचारायला लावले की हे पाणी कुठे भरले. तो आधी बोलेना. त्याला वाटले, चौकशी आहे. सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “बाबा, मला तिथे काही परत द्यायचे आहे.” त्याने आम्हा चौघींकडे आळीपाळीने पाहिले आणि ठिकाण सांगितले.

दुपारी निरोपाचा कार्यक्रम होता. त्याआधी आम्ही गाडीने तिथे गेलो. सासूबाईंच्या मांडीवर झाकण लावलेली पितळी बालदी. शहराबाहेर एका शेतात खोल विहीर होती, काठावर पंप, रस्त्यावर रिकाम्या टँकरची रांग. बाजूला मोसंबीची बाग, निम्मी तोडलेली, निम्मी पानगळ झालेली. विहिरीचा मालक शेतकरी जवळ आला. आम्ही भाव विचारायला आलो असे त्याला वाटले असावे. विहिरीचे पाणी बागेला न देता विकता का, असे विचारण्याचा आम्हाला काय अधिकार? ते पाणी आम्हीच तर प्यालो होतो. त्याने आपणहून सांगितले, “निम्मी बाग वाचवायला निम्मी तोडली. आता ही निम्मीपण जाते की राहते, बघायचे.”

सासूबाईंनी बालदीला दोर बांधला. विहीर खोल, हात थरथरत होते. पाहुणीने मागून दोर धरला. बालदी कुठेही न आपटता हळूहळू खाली गेली, पाण्याला टेकली आणि तिथे उलटी झाली. शेतकऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. का, ते मला सांगता येणार नाही. तोही काही बोलला नाही.

निरोपाच्या कार्यक्रमात पाहुण्यांना शाली आणि मोसंबीच्या पेट्या दिल्या. आमच्या पाहुणीने आपली पेटी जाताना मावशींकडे दिली.

त्या वर्षीचा पावसाळा चांगला झाला. पुढे पैठणच्या जायकवाडीहून गावाला पाणी आले, ही गोष्ट वेगळी. ऑगस्टमध्ये एके सकाळी सासूबाईंनी आडात डोकावून मला हाक मारली. मी फोटो काढून तो पाहुणीला ईमेलने पाठवला. फोटोत काळोखाशिवाय काही दिसत नव्हते. तिचे उलट उत्तर आले: पाणी किती फूट आहे?

सासूबाईंनी दोर सोडला, ओला झाला तिथे गाठ मारली आणि हातांनी मोजला. मी तिला कळवले, चौदा.