समुद्र नाही, पण गंगा आहे!

दोस्तांनो, 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' ही म्हण तुम्ही ऐकली आहे का? आम्हा परभणीकरांची ती भारी लाडकी! पण गेल्या दिवाळीत आमच्या घरात या म्हणीची परीक्षाच झाली.

त्याचं असं झालं, सगळ्या नातेवाइकांनी नाताळच्या सुट्टीत एकत्र जमायचं ठरलं. मुंबईचे काका म्हणाले, "अलिबागला जमू. मुलांना समुद्र मिळेल." पुण्याच्या आत्यानंही होकार दिला. आम्ही पोरं तर उड्याच मारायला लागलो. आमच्या जिल्ह्यात समुद्र कुठला?

कोपऱ्यात आजी वाती वळत बसली होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपायचा नाही, बाबांनो. समुद्र बघायचा राहिला तर राहू द्या. लेकरं बघायची राहू नयेत."

सगळे गप्प झाले. मग ताईच म्हणाली, "सगळ्यांना आजीकडं, गंगाखेडलाच बोलावू या की!"

मुंबईच्या चुलतभावानं फोनवर विचारलं, "तिथं समुद्र नाही, मग बघायचं काय?" आम्ही त्याला उत्तर दिलं ते पोस्टकार्डावर. तसंच कार्ड मग प्रत्येक घरी धाडलं. काय लिहिलं होतं ठाऊक आहे?

'देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्री मुंबईला बसा, सकाळी परभणीला उतरा. तिथून गंगाखेड सुमारे 40 किलोमीटर. वाटेत पोखर्णीचा नृसिंह लागतो. गंगाखेड हे गोदावरीकाठचं गाव. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. संत जनाबाईंचा जन्म इथलाच. लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या. आता नदीकाठी त्यांचं मंदिर आहे. इथला कलाकंद खाल्ल्याशिवाय कुणालाही परत जाऊ दिलं जाणार नाही. शेतात ज्वारीचा हुरडा तयार आहे. आजी वाट पाहते आहे.'

शेवटचं वाक्य वाचून म्हणे काकांनी लगेच तिकिटं काढली!

बघता बघता 26 माणसं जमली. अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली. हातावर चोळून गरम हुरडा, वर तिळाची चटणी अन् गूळ. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती' नावाचं ज्वारीचं वाण काढलंय, हे आबांनी सांगितलं, तेव्हा चुलतभाऊ चाटच पडला. त्याला वाटायचं, ज्वारी म्हणजे नुसती ज्वारी!

संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो. आबांनी काठीनं वाळूत नकाशा काढला. "ही गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते. तिथून अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटरवर. पण मधे सह्याद्री आडवा! म्हणून ही पूर्वेला वळते आणि पैठण, गंगाखेड, नांदेड करत, पुढं तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडत थेट बंगालच्या उपसागराला मिळते. एकूण प्रवास 1465 किलोमीटर."

"म्हणजे हे पाणी समुद्रालाच चाललंय?" चुलतभाऊ ओरडला.

"तर काय!"

आजी हे ऐकत होती. तिनं दोन नातवांचे हात धरले अन् एकेक पायरी उतरत पाण्यात पाय बुडवले. ओंजळभर पाणी घेऊन परत नदीत सोडलं आणि हसून म्हणाली, "जा बाई, समुद्राला माझा निरोप सांग."

परतताना गाडीत बसण्याआधी चुलतभावानं आजीला विचारलं, "पुढच्या वर्षीपण इथंच ना?"

दोस्तांनो, तुमच्या घरीही असं जमायचं ठरलं, तर जागा निवडण्याआधी एक करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला कुठवर येता येईल?" मग पत्ता तिथलाच लिहा!